वेदीपुढे आवाज कापतो तेव्हा

ईस्टर झाला की आपल्या देवळात रविवारच्या मिस्साच्या शेवटी लग्नांची नावे पुकारायला सुरुवात होते. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी. पहिली वेळ, दुसरी वेळ, तिसरी वेळ. बाकावर बसलेली मंडळी एकमेकांकडे बघतात, कोणी कोपराने हळूच ढोसते, आणि ज्याचे नाव पुकारले तो मुलगा कानाच्या पाळ्या लाल करून जमिनीकडे बघत राहतो. नुसते नाव ऐकून ही अवस्था, मग लग्नाच्या दिवशी स्वतःच्या तोंडाने बोलायचे म्हणजे काय होत असेल?

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात आम्ही दोघे नवराबायको गेली बरीच वर्षे मदतीला बसतो. फादर संस्काराविषयी बोलतात, डॉक्टर त्यांच्या विषयावर बोलतात आणि आमच्या वाट्याला घरसंसार येतो. शेवटी आम्ही बिस्किटांचा रिकामा डबा फिरवतो. नाव न लिहिता मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायचा. पैसा, सासूसासरे, बायकोची नोकरी, वेगळे बिऱ्हाड असे प्रश्न निघतात. पण दर वर्गात दोन-तीन चिठ्ठ्या तरी अशा असतात: सगळ्यांसमोर वचन बोलायचे म्हटले की पोटात गोळा येतो. चुकले तर? रडू फुटले तर? आवाजच निघाला नाही तर?

खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे आम्ही या चिठ्ठ्या हसण्यावारी नेल्या. आमच्याच लग्नाची गोष्ट सांगायचो. १९८८ चा मे महिना, अंगात कोट, देवळात पंखे चार. आमच्यापैकी एकाने भर देवळात समोरच्या नवरीला "माझा पती म्हणून" स्वीकारले. फादर शांतपणे म्हणाले, "पत्नी, बाळा, पत्नी." मागच्या बाकांवर खसखस पिकली. आज सदतीस-अडतीस वर्षे झाली, पती की पत्नी हा गोंधळ पुन्हा झालेला नाही. ही गोष्ट सांगितली की वर्ग हसायचा, आम्ही पुढची चिठ्ठी उघडायचो. भीतीवर एवढे उत्तर पुरे आहे असे आम्हांला वाटत होते. ते पुरे नव्हते हे आम्हांला एका मुलीमुळे कळले. तिच्याविषयी पुढे सांगू.

आधी अंगाच्या भीतीचे पाहू, कारण ती बहुतेकांना असते आणि तिला उपायही आहेत. चारशे डोळे आपल्यावर रोखले गेले की शरीर आपल्याला न विचारता संकटाच्या तयारीला लागते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, श्वास वरच्यावर चालतो, आणि वरच्यावर श्वासावर सलग वाक्य बोलता येत नाही, म्हणून आवाज फाटतो. यात पाप नाही आणि दुबळेपणाही नाही. उलट नवरानवरी जे करतात त्याने ही तयारी वाढते. सकाळपासून पोटात अन्न नाही, कारण मेकअप, फोटो, पाहुणे. आदल्या रात्री मांडवात दोन वाजेपर्यंत बँड. मग वेदीपुढे गुडघे ताठ करून अर्धा-पाऊण तास उभे राहायचे. गुडघे असे आवळून उभे राहिले की पायांतले रक्त वर यायला वेळ लागतो, आणि लोक म्हणतात नवरीला दृष्ट लागली. थोडे खाऊन निघा, गुडघे किंचित सैल ठेवा, बोलण्याआधी एक श्वास सावकाश सोडा. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयीच्या २०१६ सालच्या आपल्या पत्रात, 'आमोरिस लेतित्सिया'मध्ये, हीच खंत मांडली आहे, की तयारीच्या धावपळीत जोडपी विवाहसंस्काराला येतात तेव्हा थकून गेलेली असतात. पोपसाहेबांनी आपल्या गावातले मांडव पाहिले नसतील, पण दुखणे त्यांना बरोबर कळले होते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. वचन पाठ करून एका दमात म्हणावेच लागते असे नाही. फादर लहान लहान तुकड्यांत सांगतात आणि तुम्ही मागे म्हणता. तेही जमणार नसेल, तर विधीतच सोय आहे. १९६९ साली नवा विवाहविधी आला, त्यात असे सांगितले आहे की गरज वाटल्यास धर्मगुरूने संमती प्रश्नाच्या रूपाने विचारावी आणि वराने, वधूने होकार द्यावा. म्हणजे तुमच्या वाट्याला एक शब्द. ही नव्या जमान्याची सवलत आहे असेही समजू नका. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात धर्मगुरू प्रश्न विचारीत आणि नवरानवरी एकाच लॅटिन शब्दाने उत्तर देत. तेव्हा ज्यांना भीती वाटते त्यांनी फादरांना आधीच जाऊन सांगावे. यात लाज कसली?

हल्ली मुले विचारतात, सिनेमात आणि मोबाइलवर दाखवतात तशी आपली वचने आपणच लिहिली तर चालतील का? विवाहाची संमती ख्रिस्तसभेने दिलेल्या शब्दांतच द्यायची असते. मुलांना हे बंधन वाटते. आम्हांला मात्र ते भिडस्त माणसावरचे उपकार वाटतात. समजा प्रत्येकाला स्वतःचे शब्द शोधावे लागले असते. मग ज्याची जीभ चालते त्याचे लग्न सुंदर, आणि ज्याची चालत नाही, जो दिवसभर वाडीत केळी-पानवेल करतो किंवा सकाळची लोकल पकडून विरारहून चर्चगेटला जातो आणि घरी येऊन चार वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही, त्याचे लग्न फिके. दिलेले शब्द सर्वांना सारखे असतात. इंजिनियरला तेच, कोळ्याला तेच. ते सुंदर करून दाखवायची जबाबदारी आपल्यावर नाही.

इथे आपण मूळ मुद्द्याकडे येतो. घाबरणाऱ्या मुलामुलीला वाटते की आपण रंगमंचावर उभे आहोत. हल्ली आपणच तसे करून ठेवले आहे. वचनाच्या क्षणी कॅमेरेवाला नवरानवरी आणि फादर यांच्या मधे घुसतो, दिवा डोळ्यांवर मारतो, आणि "परत एकदा अंगठी घाला" असे सांगतानाही आम्ही ऐकले आहे. पण बाकांवर बसलेली माणसे प्रेक्षक नव्हेत, साक्षीदार आहेत. दोन्हींत फार अंतर आहे. प्रेक्षक बोलणे कसे झाले ते बघतो. साक्षीदाराला एवढेच पाहायचे असते की ते बोलले गेले.

साक्षीदार का लागतात त्यालाही इतिहास आहे. पूर्वी युरोपात स्त्री आणि पुरुषाने एकमेकांना एकान्तात वचन दिले तरी विवाह झाला असे ख्रिस्तसभा मानी. पुढे पुरुष उलटला, मी असे बोललोच नाही म्हणाला, दुसरीशी लग्न करून मोकळा झाला, की पहिलीने कोणाकडे दाद मागायची? अशा गुप्त लग्नांनी कितीतरी स्त्रियांचे वाटोळे झाले. म्हणून ट्रेंटच्या धर्मसभेने नोव्हेंबर १५६३ मध्ये हुकूम काढला की धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदार यांच्यासमोर संमती दिली गेली तरच विवाह वैध, आणि त्याआधी नावे तीनदा पुकारली जावीत. आपली वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. आज रविवारी आपण जी नावे ऐकतो तिच्यामागे कुठल्यातरी फसवल्या गेलेल्या मुलीचे अश्रू आहेत, हे पुकारणाऱ्याच्याही लक्षात नसते. तेव्हा नवरदेवा, समोरची चारशे माणसे तुझी परीक्षा घ्यायला आलेली नाहीत. उद्या तू जे बोललास ते कोणी नाकारू नये, तूसुद्धा नाकारू नये, म्हणून ती आली आहेत. त्यांना ऐकू आले की त्यांचे काम झाले.

आणखी एक. आपल्या लॅटिन परंपरेच्या शिकवणुकीप्रमाणे विवाहाचा संस्कार फादर देत नाहीत. वर वधूला देतो आणि वधू वराला देते. फादर ख्रिस्तसभेच्या वतीने तो स्वीकारतात, आशीर्वाद देतात. बाप्तिस्मा पाण्याने होतो, इथे पाण्याच्या जागी तुमची संमती आहे. ऑक्सफर्डचे एक तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात व्याख्याने दिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांचे म्हणणे असे की काही वाक्ये कशाचे वर्णन करीत नाहीत, ती बोलणे हीच कृती असते. त्यांनी पहिलेच उदाहरण दिले ते लग्नातल्या होकाराचे. "पाऊस पडतोय" म्हटल्याने पाऊस पडत नाही, पण "मी तुला स्वीकारतो" म्हटल्याने स्वीकारणे घडते. आता कृती म्हटली की ती थरथरत्या हातानेही होते. दस्तावर सही करताना हात कापला तर सही वेडीवाकडी येते, पण जमीन तुमचीच होते.

हे सगळे एका मुलाच्या बाबतीत आम्ही डोळ्यांनी पाहिले. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. शाळेत हजेरीला "हजर" म्हणताना 'ह'वर अडायचा आणि मुले हसायची. तो आम्हांला म्हणाला, "अंकल, लग्न नोंदणी कार्यालयात करू काय? तिथे नुसती सही." हे बोलायलाही त्याला वेळ लागला. त्याला देवळाचा कंटाळा नव्हता, दर रविवारी पहिल्या मिस्साला तो असे. त्याला फक्त ते चार वाक्यांचे अंतर पार करायचे नव्हते.

आम्ही त्याला मोशेची आठवण करून दिली. जळत्या झुडपापुढे मोशेने देवाला हेच सांगितले होते, की आपली जीभ जड आहे, आपल्याला बोलता येत नाही. देवाने त्याची जीभ हलकी केली असे निर्गमच्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही. भाऊ अहरोन सोबतीला दिला आणि काम त्याच्याचकडून करून घेतले. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातही ही दया आहे: ज्यांना बोलताच येत नाही त्यांनी खुणेने संमती द्यावी, तीही तितकीच खरी. फादरांनी त्या मुलासाठी दोन गोष्टी केल्या. अडखळणाऱ्या माणसाला दुसऱ्याबरोबर एकसुरात बोलताना, गाताना बहुधा अडत नाही. आपल्या कोयरमध्ये असे एक गृहस्थ आहेतच. म्हणून त्यांनी रिकाम्या देवळात त्याच्याबरोबर दोन संध्याकाळी ते शब्द एकत्र म्हटले. आणि सांगितले, त्या दिवशी अडलास तर मी थांबेन, कितीही वेळ थांबेन, आणि अगदीच नाही जमले तर मी विचारीन, तू 'होय' म्हण.

लग्नाच्या दिवशी तो नवरीच्या नावावर अडला. सारे देऊळ गप्प. माइक बंद नव्हता, त्याचा श्वास सर्वांना ऐकू येत होता. नवरीने त्याचा हात सोडला नाही, आणि तिने त्याच्या वतीने शब्द पुरा केला नाही, हे आम्हांला फार मोठे वाटले. आपण असतो तर मदत म्हणून बोलून टाकले असते. ती थांबली. नाव आले. मग पुढचे सगळे आले, अडत अडत. आम्ही आजवर पुष्कळ लग्नांत वचने ऐकली, खडा आवाजातली, सिनेमातल्यासारखी. त्यांतले फारसे लक्षात नाही. हे मात्र आहे.

आता त्या मुलीविषयी. तिला अडखळण्याचा त्रास नव्हता. शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी, देवळात वाचन करणारी मुलगी. स्थळ चांगले होते, मुलगा परदेशी नोकरीला, रजा मोजकी, म्हणून साखरपुडा आणि लग्न यांत दोन महिनेही नव्हते. त्यात आजीचे दुखणे. आजीने डोळ्यांदेखत नातीचे लग्न बघावे अशी सर्वांची इच्छा, आजीची सर्वांत जास्त. आठवड्यावर लग्न आले असताना देवळात सराव झाला. संमतीच्या आधी फादर तीन गोष्टी विचारतात: कोणाच्याही दडपणाशिवाय, मोकळ्या मनाने आला आहात ना, आयुष्यभर एकनिष्ठ राहाल ना, देव देईल ती मुले प्रेमाने स्वीकाराल ना. पहिल्याच प्रश्नाला तिचा आवाज निघाला नाही. डोळे भरून आले. तिची आई म्हणाली, "घाबरली हो पोर." आणि आम्ही? आम्ही तिला बाजूला घेतले, पाणी दिले, पती-पत्नीची आमची ती गोष्ट सांगितली, श्वास कसा सोडायचा ते शिकवले. ती हसली. दुसऱ्यांदा सगळी उत्तरे स्पष्ट दिली. आम्ही समाधानाने घरी आलो.

लग्नाला तीन दिवस असताना ती एकटी फादरांकडे गेली आणि म्हणाली, मला तयारीला वेळ हवा होता, मी कोणाला नाही म्हणू शकले नाही.

लग्न पुढे ढकलले. हॉलचे पैसे गेले, पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुलाकडची मंडळी दुखावली. गावात जे बोलले गेले ते इथे लिहीत नाही. दोन महिन्यांनी आजी गेली, नातीचे लग्न न बघता. त्या घरात कोणी वाईट नव्हते. कोणी धमकी दिली नव्हती. कायदा म्हणतो की बाहेरून आलेल्या दडपणाने किंवा गंभीर भीतीने दिलेली संमती ही संमतीच नव्हे, आणि पुढे म्हणतो की ते दडपण कोणी मुद्दाम आणलेले नसले तरीही. आधी आम्हांला हे शेवटचे शब्द वकिली वाटायचे. आजारी आजीच्या डोळ्यांतली आशा हेसुद्धा एखाद्या मुलीच्या मानेवरचे ओझे होऊ शकते, हे ज्याने तो कायदा लिहिला त्याला माहीत असावे. त्या मुलीच्या बाबतीत दडपण तेवढे गंभीर होते की नाही, हे ठरवायचा अधिकार आम्हांला नाही. पण तिचे शरीर खरे बोलले होते आणि आम्ही त्याला गप्प बसवायची युक्ती शिकवून आलो होतो, एवढे नक्की. ती धीराची नसती तर आमच्या त्या श्वासाच्या जोरावर सुंदर आवाजात खोटे बोलून गेली असती, आणि आम्ही जेवणाच्या रांगेत तिचे कौतुक केले असते.

त्यानंतर आम्ही घाबरलेल्या मुलाला किंवा मुलीला उपाय सांगण्याआधी एक प्रश्न विचारू लागलो. समज, देऊळ रिकामे आहे. फादर, दोन साक्षीदार आणि तुम्ही दोघे, एवढेच. कॅमेरा नाही, आत्या-मावश्या नाहीत. तरी भीती वाटेल का? पुष्कळ जण पटकन म्हणतात, "छे, मग काय!" त्यांना आम्ही खुशाल श्वास शिकवतो. काही जण थांबतात. थांबणाऱ्यांना आम्ही काहीही शिकवत नाही. दुसऱ्या दिवशी एकट्याने घरी बोलावतो. चहा करतो आणि ऐकतो.

हा प्रश्न म्हणजे काही तराजू नव्हे. कारण थांबणाऱ्यांमध्येही दोन प्रकार निघाले. काहींना नको असते आणि सांगता येत नसते. काहींना अगदी मनापासून हवे असते, तरीही रिकाम्या देवळातसुद्धा ते घाबरलेले असतात, आणि ही मुले बहुधा वर्गातली सर्वांत विचारी मुले असतात. एक मुलगा म्हणाला, "आंटी, सुखदुःखात आणि आजारपणातही साथ देईन, जन्मभर प्रेम करीन असे बोलायचे. आज मला प्रेम वाटते. साठाव्या वर्षी काय वाटेल ते मी आज कसे सांगू? उद्याच्या हवामानाचा भरवसा नाही." याला काय उत्तर द्यायचे? हसून टाळण्यासारखा प्रश्न नाही.

गाब्रिएल मार्सेल नावाचे फ्रेंच तत्त्वज्ञ होते, १९२९ साली कॅथलिक झाले. १९३५ सालच्या एका पुस्तकात त्यांनी हाच प्रश्न एका साध्या प्रसंगावरून स्वतःला विचारला आहे. आपण एका गंभीर आजारी मित्राला भेटायला जातो. त्याची दशा बघून आपल्याला भरून येते आणि आपण म्हणतो, लवकरच पुन्हा येईन. चार दिवसांनी ती कणव ओसरलेली असते, जायचा कंटाळा येतो. मग त्या दिवशी आपण कशाचे वचन दिले? कणव टिकेल याचे? तसे असेल तर ते देणेच खोटे होते, कारण भावना आपल्या हातात नाही. आणि कणव नसताना नुसते देहाने जाऊन बसणे हेही ढोंगच नव्हे का? मार्सेल यांनी याचा विचार फार खोलवर नेला आहे. आमच्या साध्या बुद्धीला त्यातून एवढे उमगले की वचन म्हणजे उद्याच्या भावनेचे भाकीत नव्हे. तू माझी वाट बघशील हे मला आज दिसले आहे, आणि ते दिसल्यानंतर उद्या माझ्या लहरीप्रमाणे मी वागणार नाही, असे ते बांधून घेणे आहे. आपण गेलो, पलंगाशेजारी बसलो, उशी सरळ केली, की कधी कधी ओसरलेली कणवही परत येते. कधी येत नाही. मित्राला मात्र दोन्ही दिवशी सोबत मिळते.

त्या मुलाला आम्ही हे सांगितले. त्याला पूर्ण पटले असे नाही. तो म्हणाला, "म्हणजे प्रेम वाटले नाही तरी राहायचे?" आम्ही म्हटले, वाटले नाही त्या दिवशी प्रेम करायचे. आमच्या आयुष्यात असे दिवस आले आहेत, एकदा तर सबंध एक पावसाळा. दोघे एकाच टेबलावर जेवत होतो आणि बोलणे मुलांमार्फत चालले होते. त्या पावसाळ्यात आम्हांला कुठले प्रवचन उपयोगी पडले नाही. वेदीपुढे आपण काहीतरी बोललो होतो आणि चारशे माणसांनी ते ऐकले होते, एवढीच गोष्ट जमिनीसारखी पायाखाली होती.

शुभवर्तमानातही बोलण्याची फट्फजिती करणारी माणसे आहेत आणि अस्खलित बोलणारीही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला एक मुलगा बापाला आदबीने "जातो" म्हणाला आणि गेला नाही. दुसरा "नाही" म्हणाला आणि मग जाऊन राबला. पेत्राने शेवटच्या भोजनाच्या रात्री किती ठासून सांगितले होते! कोंबडा आरवायच्या आत त्याचे काय झाले ते आपण जाणतो. उलट नाझरेथची ती मुलगी देवदूताच्या बोलण्याने गोंधळून गेली, हे कसे होईल म्हणून तिने विचारले, आणि मग होकार दिला. गोंधळ आधी, प्रश्न मधे, होकार शेवटी. आमच्या मते विवाहाच्या तयारीत हाच क्रम बरा, आणि मधला प्रश्न विचारायला मुलांना जागा देणे हे आईबापांचे काम आहे. पण आपल्याकडे हॉल आधी ठरतो.

मागे एका वर्षी लग्नाची पन्नाशी गाठलेल्या जोडप्यांसाठी मिस्सा झाला. फादरांनी सर्वांना उभे करून वचनांची उजळणी करायला सांगितली. एक म्हातारबाबा बसूनच राहिले. फादरांना वाटले, ऐकू आले नसेल. जवळ जाऊन सांगितले. बाबा म्हणाले, "ऐकलं, फादर. पण ते एकदा बोललोय. अजून संपलं नाही." शेजारी त्यांची बायको साडीच्या पदराने तोंड झाकून हसत होती. विधीच्या दृष्टीने बाबांचे चुकले असेल, आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. चौदा महिन्यांनी तिचे लग्न झाले, त्याच मुलाशी. मधल्या काळात तो दर रविवारी रात्री तिला फोन करायचा आणि लग्नाविषयी विचारायचा नाही, असे तिने नंतर सांगितले. आजीचा फोटो घरून आणून वेदीच्या पायरीजवळ ठेवला होता. आम्ही तिसऱ्या बाकावर होतो. फादरांनी पहिला प्रश्न विचारला, आणि काय सांगावे, तिचा आवाज तेव्हाही कापला. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, "अजून भीती गेली नाही वाटते." तिने "होय, फादर" म्हटले आणि उजवा हात पुढे केला.

पुढचा वर्ग आपल्या शाळेच्या तळमजल्यावर नेहमीच्या वेळी बसेल. डबा असेल. चिठ्ठीवर नाव लिहू नका. पण भीतीविषयी लिहिणार असाल, तर रिकाम्या देवळाच्या प्रश्नाचे तुमचे उत्तर काय तेही खाली एका शब्दात लिहा, म्हणजे चहा किती जणांचा ठेवायचा ते आम्हांला कळेल.